पोक्कु म्हणजे जाणं

भाचीचा चेन्नईहून फोन आला तो थेट शब्दापासूनच सुरू झाला. "मामा, पोरंबोक्कुला मराठीत काय म्हणायचं रे?" ती तिथे नगरनियोजनात संशोधन करते. शहराच्या दक्षिण अंगाच्या काही गावांचे जुने मोजणी नकाशे आणि आजची उपग्रहचित्रं शेजारी शेजारी ठेवायची आणि कुठली जमीन कशाची काय होत गेली ते शोधायचं, असं तिचं काम. जुन्या नकाशांवर जागोजागी हा एकच शब्द लिहिलेला होता. तळ्यावर तोच, ओढ्यावर तोच, गुरं चरायच्या माळावर तोच, स्मशानावर तोच आणि बैलगाडीच्या वाटेवरही तोच. तिच्या मार्गदर्शकांना तो समजावून सांगायची गरज नव्हती. तिला तो आजीला सांगायचा होता. आजी, म्हणजे माझी आई, दर रविवारी तिला विचारते, "काय गं, या आठवड्यात काय मोजलंस?"

मी शब्दकोश काढायच्या आत आईने शेजारून उत्तर दिलं. आई यवतमाळकडची. तिने तळं, ओढा, चराई, स्मशान, गाडीवाट ही यादी नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "अगं, ही तर गावाची जागा. चरायची ती ई-क्लास, गाडीवाट म्हणजे पांदण. कुणाच्या बापाची नसते ती." वऱ्हाडातल्या जुन्या महसुली वर्गवारीत गुरचरणाच्या जमिनीला इंग्रजी ई हे अक्षर मिळालं आणि खेड्यातल्या माणसांनी ते असं बोलीत मुरवून घेतलं, की आता ते परकं वाटत नाही. पश्चिम महाराष्ट्रात तेच गायरान, आणि पांदणीची पाणंद.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला. पुढे चेन्नईला जाऊन आलो, भाचीबरोबर हिंडलो, पाट्या वाचल्या आणि लक्षात आलं की जमीन आणि वाहतूक या दोन विषयांवर विद्यापीठांतून जे संशोधन चालतं, त्याच्या मुळाशी असलेली गाठ तमिळने एका छोट्या शब्दात केव्हाच बांधून ठेवली आहे.

आधी शब्द फोडून पाहू. 'पुऱम्' म्हणजे बाहेर, 'पोक्कु' म्हणजे जाणं. पुऱम्पोक्कु, बोलण्यात पोरंबोक्कु आणि इंग्रजी कागदावर पोरंबोक. बाहेर गेलेली, बाहेर राहिलेली जमीन. कशाच्या बाहेर? साऱ्याच्या हिशेबाच्या बाहेर. जिच्यावर शेतसारा बसत नाही, जी कुणा एका रयतेच्या नावावर नाही, ती पुऱम्पोक्कु. काही जण यातल्या 'पोक्कु'चा अर्थ महसुलाचं दप्तर असा लावतात. अर्थ जुळतो खरा, पण शब्दाचं रूप 'जाणं' याच बाजूने साक्ष देतं, आणि मला तोच पक्ष खरा वाटतो.

इथे एका अक्षराची गंमत आहे. रायपुरम्, कोट्टूरपुरम् ही चेन्नईतली नावं घ्या. त्यातला 'पुरम्' म्हणजे आपलाच पूर, संस्कृत पुर, शहर. पुऱम्पोक्कुतला 'पुऱम्' अस्सल तमिळ आणि त्याचा अर्थ बाहेर. तमिळ लिपीत या दोन 'र'ना दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे तमिळ वाचणाऱ्याची कधीच गल्लत होत नाही. आपण दोन्ही 'पुरम' लिहून मोकळे होतो. देवनागरीत 'ऱ' आहे, तो तमिळच्या त्या दुसऱ्या 'र'साठी चालतोही, पण मराठीत त्याला आपण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असल्या जोडाक्षरांच्या कामाला लावलं आहे. म्हणून या लेखापुरता तो मी मोकळा करून घेतो.

'पुऱम्' म्हणजे बाहेर, पण तमिळमध्ये बाहेर म्हणजे हलकं नव्हे. संगम काळच्या कवितेचे दोन मोठे भाग आहेत, 'अहम्' आणि 'पुऱम्'. घरातलं, मनातलं, प्रेमाचं ते अहम्. राजा, युद्ध, दान, कीर्ती, म्हणजे चारचौघांत घडणारं ते सारं पुऱम्. 'पुऱनानूऱु' हा चारशे कवितांचा संग्रह या बाहेरच्या जगाचाच आहे. म्हणजे ज्याला आज आपण सार्वजनिक म्हणतो, त्याला तमिळने दोन हजार वर्षांपूर्वी हा शब्द दिला होता. पुऱम्पोक्कु म्हणजे सार्वजनिक जागा, असा अर्थ कुणी केला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

आता दुसरा अर्धा भाग, 'पोक्कु'. हा शब्द कानावर पडला की चेन्नईत तो सगळीकडे दिसायला लागतो. करमणुकीला तमिळमध्ये 'पोळुदुपोक्कु' म्हणतात. पोळुदु म्हणजे वेळ, तेव्हा वेळ जाणं. सबबी सांगण्याला 'साक्कुपोक्कु'. वाहण्याची, वळण्याची दिशा तोही पोक्कु. आणि शहराच्या प्रत्येक सरकारी बसवर 'मानगर पोक्कुवरत्तु कळगम्' असं लिहिलेलं असतं. मानगर म्हणजे महानगर, कळगम् म्हणजे मंडळ, आणि पोक्कुवरत्तु म्हणजे वाहतूक. पोक्कु म्हणजे जाणं, वरत्तु म्हणजे येणं. जाणं-येणं.

आपण 'ये-जा' म्हणतो, आधी येणं आणि मग जाणं. तमिळ आधी जातो. पण निरोप घेताना दोन्ही भाषा एकाच वाटेवर येतात. आपल्याकडे कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तमिळ माणूस 'पोयिट्टु वरेन' म्हणतो, जाऊन येतो. घरातून बाहेर पडणाऱ्याने परत यावं ही काळजी दोघांनी क्रियापदातच घालून ठेवली आहे.

मग माझ्या ध्यानात आलं की जमिनीच्या शब्दात आणि वाहतुकीच्या शब्दात पोक्कु एकच आहे. जमिनीचा वापर ठरला की माणसांची ये-जा ठरते आणि रस्ता पडला की जमिनीचा वापर बदलतो, हे नगरनियोजनाचं पहिलं सूत्र. भूवापर आणि वाहतूक यांचा विचार एकत्र करा, असं जगभरचे अभ्यासक गेली साठ-सत्तर वर्षं सांगत आहेत. चेन्नईच्या मोजणी नकाशात तर एका गटाचं नावच 'वंडिप्पादै पुऱम्पोक्कु' असतं. वंडी म्हणजे गाडी, पादै म्हणजे वाट. विदर्भातल्या माणसाला वंडी परकी नाही. आई बैलगाडीला बंडीच म्हणते. तेलुगूत बंडी, तमिळमध्ये वंडी, आणि मद्रासच्या इंग्रजांनी तिचं 'बँडी' करून आपल्या कोशात घेतलं. पांदणीचं हे तमिळ नाव ऐकून आईने भाचीला पुन्हा ते म्हणायला लावलं.

पुऱम्पोक्कुचं पुढे काय झालं ते सांगायला जड जातं. हा शब्द शिवी झाला. आज तमिळमध्ये कुणाला पोरंबोक्कु म्हटलं तर त्याचा अर्थ वाया गेलेला, बेवारशी, कवडीमोलाचा. जमिनीचंही तेच झालं. जी सर्वांची होती ती कुणाचीच नाही असं ठरलं आणि मग जो पुढे येईल त्याची झाली. २०१७ च्या जानेवारीत टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीतातल्या गायकाने 'चेन्नई पोरंबोक्कु पाडल' हे गाणं एन्नूरच्या खाडीकाठी उभं राहून गायलं. शब्द कबेर वासुकी यांचे, भाषा शहरातल्या रस्त्यावरची आणि राग शास्त्रीय. शिवी झालेला शब्द त्यांनी पुन्हा जमिनीवर आणून ठेवला. शब्दाचा अर्थ सुधारायला कोशकार पुरेसा पडत नाही, गवई लागतो, हे त्या वेळी दिसलं.

आपल्याकडे असं काही झालं का, याचा शोध घेताना मी घरचाच सातबारा काढला. गाव नमुना सात, त्यावर लागवडीचं क्षेत्र, आणि खाली 'पोटखराबा (लागवडीस अयोग्य)', वर्ग अ आणि वर्ग ब. आजवर हा रकाना शंभरदा पाहिला असेल. खराबा म्हणजे खडकाळ, नापीक, एवढंच मी धरून चाललो होतो. नियम वाचल्यावर थांबलो. वर्ग अ म्हणजे खरोखर लागवडीला न येणारी जमीन, त्यात खळ्याची नि शेतातल्या घराची जागाही आली. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, म्हणून आकार न बसवलेली जमीन. रस्ता, वहिवाटीची पायवाट, इतरांनीही पाणी भरायचं तळं वा ओढा, दफनभूमी, स्मशान. म्हणजे अक्षरशः पुऱम्पोक्कु. ज्या जागेवरून गाव चालतं, ज्या पाण्यावर गाव जगतं आणि जिथे शेवटी गाव पोचतं, त्या जागेला आपल्या कागदावरचं नाव आहे खराबा. अरबी 'खराब'वरून आलेला हा शब्द. सरकारी खजिन्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर पैसा न देणारी जमीन खराबच. मद्रासेत मन्रोची आणि मुंबई इलाख्यात इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची, अशा दोन्हीकडे रयतवारी मोजण्या झाल्या, शेतन् शेत मापलं गेलं, आणि दोन्हीकडे हिशेबाबाहेरच्या जमिनीला एकेक नाव चिकटलं.

तरी दोन नावांत एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. तमिळने ही जमीन 'बाहेर' काढली. मराठीने ती 'पोटात' ठेवली. पोटहिस्सा, पोटभाडेकरू, पोटजात, तसा पोटखराबा. शेताच्या पोटातून जाणारी वाट, शेताच्या पोटातलं पाणी. खराबा हा शब्द मला टोचतो, पण त्याच्या आधीचं पोट मला आवडतं.

जमीनवापराचा मराठीतला सगळ्यात जुना नकाशा दोन रंगांचा आहे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. घरं मातीची, ती पडायची, पुन्हा त्याच जागी उभी राहायची, राख आणि माती साठत जायची, जमीन पांढुरकी व्हायची. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुनं गाव शोधताना आजही पांढरीचं टेकाड कुठे आहे ते विचारतात. तमिळमध्ये पांढरीला 'नत्तम्' म्हणतात आणि चेन्नईभोवतीच्या गावांत घराच्या जागेचा वाद निघाला की आजही नत्तमच्या नोंदी चाळल्या जातात. आता विकास आराखडे आले, त्यांत पिवळा पट्टा आला, हिरवा पट्टा आला. खेड्यातला माणूस 'आमची जमीन यलो झोनात आली' असं सांगतो. पांढरी वाढायला शंभर वर्षं लागत, पिवळा पट्टा एका अधिसूचनेने वाढतो.

आता पाण्याकडे वळू, कारण चेन्नईत जमिनीची गोष्ट पाण्याशिवाय पुरी होत नाही.

पश्चिम मांबळममध्ये लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे. भाचीने मुद्दाम तिथे नेलं. रिक्षा, भाजीच्या गाड्या, दारात काढलेली तांदळाच्या पिठाची कोलम, वर विजेच्या तारांचं जाळं. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. तळं कुठेही दिसत नाही. नुंगंबाक्कमला एक टँक बंड रोड आहे, तिथेही टँक नाही आणि बंडही नाही. इथे 'लाँग टँक' नावाचा लांबलचक तलाव होता. १९२० च्या दशकात तो बुजवून त्यावर त्यागराय नगर, म्हणजे आजचं टी. नगर वसवलं. त्यासाठीचा नगररचना कायदा १९२० चा. नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या जागेवर १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं.

हा टँक कुठला? इंग्रजीतून आपल्याकडे आला असं आपण समजतो. कोशकारांचा एक पक्ष म्हणतो तो पोर्तुगीज 'तांके'वरून आला, दुसरा म्हणतो गुजराती-मराठी 'टांकें'वरून, आणि बरेच जण दोन्ही प्रवाह एकत्र मिळाल्याचं मानतात. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात यावर सविस्तर चर्चा आहे, आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकी बर्नेल हे मद्रास इलाख्यातलेच अधिकारी. टाकं आपल्याला कोणी शिकवायला नको. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी, नाणेघाटातली टाकी, कड्यात खोदलेलं ते गार, काळं पाणी. दुसरा पक्ष खरा धरला तर ते टाकंच इंग्रजांच्या तोंडी बसून मद्रासला टँक झालं. 'बंड' तर आपल्या बांधाचाच भाऊ.

टाक्याचा प्रवास इथे संपत नाही. टँकवरून टँकर झाला आणि तो आपल्या गावात परत आला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावं लागलं. जुलै २०१९ मध्ये चेन्नईला तेच झालं. चारही मोठे तलाव आटले आणि जोलारपेट्टैहून ५० वाघिणींत एका खेपेला २५ लाख लिटर पाणी विल्लिवाक्कमला आलं. आणि त्याआधी चारच वर्षं, डिसेंबर २०१५ मध्ये, हेच शहर पुरात बुडालं होतं. ज्या शहराच्या नावानावांत पाणी आहे त्याच्यावर ही पाळी यावी, याचं दुःख मला बाहेरचा असूनही होतं. तिरुवल्लिक्केणीतली केणी म्हणजे विहीर, तळं, आणि अल्लि म्हणजे कुमुद. पाक्कम् म्हणजे काठावरचं गाव. एरी म्हणजे एका बाजूने बांध घालून अडवलेलं शेतीचं तळं. एका एरीचं पाणी सांडलं की खालच्या एरीत जायचं, अशी ती माळ होती. बांधाची दुरुस्ती गावकऱ्यांनी मिळून करायची, तिला 'कुडिमरामत्तु' म्हणतात. कुडि म्हणजे रयत, आणि मरामत्तु म्हणजे आपली मरामत, अरबीतून दोघांकडे आलेली.

तळी बुजवू नका, असं सांगणारा एक माणूस मात्र वेळेवर आला होता. पॅट्रिक गेडिस. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेचा आद्य शिक्षक. १९१४ मध्ये तो मद्रासला निघाला, मागून जहाजाने त्याचं शहरांविषयीचं प्रदर्शन येत होतं. ते जहाज एम्डन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. याच एम्डनने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागून बंदराजवळच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. शहर इतकं हादरलं की 'एम्डन' हा तमिळमध्ये सामान्य शब्दच झाला. जबरदस्त, वस्ताद माणसाला तिथे अजून एम्डन म्हणतात. गेडिसने मित्रांकडून नकाशे-चित्रं पुन्हा जमवली आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रास विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये प्रदर्शन मांडलं. शहर ही विद्यापीठाने अभ्यासायची गोष्ट आहे, हे मद्रासने तिथे पाहिलं. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्याचा आग्रह. दाट वस्तीत रुंद रस्ते फोडण्याऐवजी नेमकं तेवढंच काढा नि बाकीचं जपा, आणि डासांसाठी तळी बुजवण्यापेक्षा ती साफ करा, त्यात मासे-बदकं सोडा, असं त्याने भारतातल्या अहवालांत लिहिलं. पुढे १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तिथेच त्याच्या हाताखाली शिकले. मद्रासने मात्र त्याचं प्रदर्शन पाहिलं आणि दहा वर्षांच्या आत लाँग टँक बुजवायला घेतला.

वाहतुकीच्या शब्दांकडे येताना आपल्या 'रहदारी'पाशी थांबायला हवं. राह म्हणजे वाट, दारी म्हणजे राखणं. मोगल अमदानीत राहदारी म्हणजे वाटेवरचा कर, माल घेऊन जाणाऱ्याकडून नाक्यानाक्यावर वसूल होणारा. तोच शब्द वाटेच्या परवान्यालाही लागला. आज आपण वाहनांच्या गर्दीला रहदारी म्हणतो तेव्हा त्यात त्या नाक्याची आठवण उरलेली नाही. पण मापायची, मोजायची वृत्ती उरली आहे, आणि ती संशोधनात फार आत शिरली आहे.

भाचीच्या एका मैत्रिणीचं काम रहदारीचं आहे. पादचारी पुलावर कॅमेरा लावायचा, खालच्या चौकाची चित्रफीत घ्यायची आणि मग खोलीत बसून तिची एकेक चौकट पुढे सरकवत वाहनं टिपायची. मी थोडा वेळ शेजारी बसलो. एका चौकटीत एक बस, तिच्या डाव्या कुशीत दोन मोटारसायकली, बस आणि दुभाजकाच्या फटीत तिरपी घुसलेली रिक्षा, आणि रिक्षाच्या पुढे सायकलवर पाण्याचे हंडे बांधलेला माणूस. यांना मोजायचं कसं? भारतीय रस्ते परिषदेने १९९० मध्ये शहरी रस्त्यांसाठी एक तक्ता दिला आहे. त्याचं माप आहे 'पॅसेंजर कार युनिट'. मोटार म्हणजे १. सायकल ०.४ ते ०.५. दुचाकी ०.५ ते ०.७५. रिक्षा १.२ ते २. बस २.२ ते ३.७. हातगाडी २ ते ३. खेड्यातल्या रस्त्यांसाठीच्या तक्त्यात बैलगाडी ८, म्हणजे आईची एक बंडी आठ मोटारींएवढी. पायी चालणाऱ्याला या तक्त्यात आकडाच नाही.

मला इथे खराबाच आठवला. जमीन मोजायला साऱ्याचं माप घेतलं की तळं खराबा ठरतं. रस्ता मोजायला मोटारीचं माप घेतलं की सायकलवाला अर्धा माणूस ठरतो आणि पायी चालणारा हिशेबाच्या बाहेर जातो, म्हणजे पुऱम्पोक्कु. चेन्नईच्या संशोधकांनी या मापाशी मनापासून झुंज घेतली आहे, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. आयआयटी मद्रासचे व्ही. तमिळ अरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं की एकाच वाहनाचं हे एकक कायम राहत नाही, रस्त्यावर किती आणि कसली वाहनं आहेत त्याप्रमाणे ते बदलतं. आपल्याकडे वाहनं रांगेत चालत नाहीत, रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर पसरतात, तेव्हा रांग मोजण्याऐवजी रस्त्याचं किती क्षेत्र किती वेळ व्यापलं गेलं ते मोजा, असं त्यांनी सुचवलं. परदेशी पुस्तकातला रस्ता बाजूला ठेवून समोरचा रस्ता पाहणं, ही साधी गोष्ट नाही. त्याच संस्थेतल्या लेलिता वनजाक्षी यांनी बसमधल्या जीपीएसच्या नोंदींवरून पुढची बस किती वेळात थांब्यावर येईल याचा अंदाज बांधायच्या पद्धती बसवल्या. थांब्यावर उभ्या असलेल्या बाईला पोक्कुपेक्षा वरत्तु महत्त्वाचं असतं.

शेवटच्या दिवशी भाचीने उपनगरी उन्नत रेल्वेने नेलं. बीच स्थानकापासून वेळच्चेरीपर्यंत. ही गाडी बरीचशी बकिंगहॅम कालव्याच्या अंगावरून जाते, खांब काही ठिकाणी थेट पाण्यात आहेत. रविवार होता, आईचा फोन चालू होता, आणि भाची तिला स्थानकांची नावं फोडून सांगत होती.

चिंतादिरिपेट आलं. चिन्न म्हणजे लहान, तऱि म्हणजे माग, पेट्टै म्हणजे पेठ. १७३४ मध्ये विणकरांसाठी वसवलेली वस्ती. पेठ हा शब्द आपला म्हणावा तर तो तमिळ, तेलुगू, कन्नड सगळीकडे आहे, आणि अनेक अभ्यासक त्याचं मूळ दक्षिणेतच धरतात. मग सदाशिव पेठेच्या नावातही दक्षिणेचा अंश आहे आणि चेन्नईच्या सावुकारपेट्टैत आपला सावकार बसला आहे. "पेठ म्हणजे पेठच की," आई म्हणाली.

तिरुवल्लिक्केणी गेलं, मैलापूरचं तिरुमयिलै गेलं. त्याच्या पुढचं स्थानक मंदैवेळि. "आजी, मंदै म्हणजे गुरांचा कळप, वेळि म्हणजे मोकळी जागा."

"गायरान," आई लगेच म्हणाली.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याविषयी जो निकाल दिला, त्यात अशा जमिनींची देशभरातली नावं देताना पोरंबोकच्या शेजारीच मंदैवेळि हे नाव आहे. इथे ते रेल्वेच्या पाटीवर होतं, खाली बसचं आगार आणि चहूकडे इमारती.

कोट्टूरपुरम्, तिरुवान्मियूर, तरमणी. मग इमारती जरा मागे सरल्या आणि पेरुंगुडी आलं. डाव्या-उजव्या अंगाला पळ्ळिकरणैच्या दलदलीचा उरलेला भाग. जुन्या कागदांवर अशा जागेला 'कळुवेळि' म्हणत, भरतीचं नि पावसाचं पाणी पसरायची जागा. एके काळी पाच हजार हेक्टरांच्या आसपास असलेल्या या पसाऱ्यात कचराडेपो आला, रस्ते आले, कचेऱ्या आल्या, संशोधन संस्थाही आल्या, आणि हे स्थानकही आलं. २०२२ मध्ये उरलेल्यापैकी सुमारे १,२४८ हेक्टरांना रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. भाचीच्या नकाशावरचे सगळ्यात जास्त पुऱम्पोक्कु याच पट्ट्यात आहेत. ती खिडकीशी उभी राहून आजीला दिसेल ते सांगत होती. लव्हाळी, मधे चकाकणारं पाणी, त्यात एका पायावर उभे बगळे, आणि पलीकडे काचेच्या इमारती.

"मोठा पाऊस झाला की हे पाणी कुठून जातं गं?" आईने विचारलं.

"एका अरुंद कालव्यातून समुद्राकडे, आजी. तेवढाच एक पोक्कु राहिलाय."

आईने तो शब्द एकदा हळूच म्हणून पाहिला. गाडी वेळच्चेरीत शिरत होती.